चार बोटांचं अंतर

दोन हजार एकोणीस सालच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, पट्टीबाईंनी कापडी पिशवीतून आपली पट्टी काढली आणि ध्वनिसंकलनाच्या टेबलावर, चहाच्या कपाला धक्का लागणार नाही अशा बेताने ठेवली. वीतभर लांबीच्या दोन फळ्या, एका टोकाला चामड्यानं एकमेकींना जोडलेल्या. लाकूड हाताच्या घामानं काळं पडलेलं, पण कडा अजून जागच्या जागी.

"हीच ती?" समोरच्या खुर्चीतल्या बाईनं विचारलं. ती छत्तीस वर्षांची. खोलीतली सगळी यंत्रं तिच्या हाताखाली, आणि कान इतके तिखट की इमारतीत तिला सगळे कानसेनच म्हणत.

"हीच. दुसरी कधी केलीच नाही."

"वाजवा की."

पट्टीबाईंनी फळ्या उघडल्या आणि मनगटाला एक झटका दिला. फट्! भिंतींना जाड स्पंज लावलेल्या त्या खोलीत आवाजाला पळायला जागा नव्हती. कानसेनचा हात आपोआप गालाकडे गेला.

"बाप रे! मलाच बसली की काय असं वाटलं."

"तेवढ्यासाठीच तर मला ठेवलं होतं," पट्टीबाई म्हणाल्या.

त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली 'ऐटीचं बिऱ्हाड' नावाची मालिका लागायची. वाहिनी एकच, त्यामुळे काय बघायचं हा प्रश्नच नव्हता. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला रस्ते ओस पडत. दुकानदार गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडून शेजारच्या घरात जाऊन उभे राहत. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते ज्यांच्याकडे होता त्यांच्या खिडकीला लटकत. गोष्ट साधी होती. एक तापट मालक, त्याची तोंडातून शब्द न काढणारी बायको, आणि घरकामाला ठेवलेली एक धांदरट मुलगी. मुलगी काहीतरी सांडायची, नाहीतर फोडायची. मालक "काळतोंडे!" म्हणून ओरडायचा आणि फाडकन एक ठेवून द्यायचा. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. थपडेचा तो आवाज पट्टीबाईंचा.

काम बसवलेलं होतं. मालकाचा हात गालापासून चार बोटांवर थांबायचा, त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या खोट्या भिंतीमागे पट्टी वाजायची आणि मुलगी मान झटकायची. तिघांचा मेळ बसला की बघणाऱ्याचा गाल चुरचुरायचा. कॅमेरा मुलीच्या पाठीमागे असे. पट्टीबाईंसाठी मात्र समोरच्या भिंतीला, फडताळातल्या बरण्यांच्या मधोमध, एक भोक पाडलेलं होतं. त्यातून मालकाची पाठ दिसायची आणि मुलीचं तोंड दिसायचं. ती चार बोटं फक्त त्यांनाच दिसायची. सातव्या भागापासून ती दिसेनाशी झाली, हेही फक्त त्यांनाच दिसलं.

त्या दिग्दर्शकाकडे गेल्या होत्या. "मालकांचा हात लागतोय," म्हणाल्या होत्या.

"लागू दे की. पोरगी रडते कसली बघा, एकदम खरं," दिग्दर्शक म्हणाला होता. "तुम्ही तुमची पट्टी सांभाळा."

मग त्यांनी पट्टी सांभाळली. एकोणिसाव्या भागाच्या दिवशी मात्र त्या एक वाक्य खोटं बोलल्या. ते वाक्य पस्तीस वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या मुलीला ते भोवलं ती आज इथं येणार होती. तिला ते सांगायचं आणि मगच जिना उतरायचा, असं ठरवून पट्टीबाई घरून निघाल्या होत्या. पट्टी सोबत घेतली ती त्यासाठीच. हातात काही असलं की त्यांना बोलता येई.

---

वाहिनीला ती मालिका पुन्हा दाखवायची होती. अडचण एका शब्दाची होती. 'काळतोंडे' हा शब्द सव्वीस भागांत एकशे बारा वेळा येत होता, आणि आजच्या काळात तो घराघरांत ऐकवावा की नाही यावर एक समिती बसली होती. समितीचे साहेब जुन्या मंडळींची मतं घ्यायला येणार होते. जुनी मंडळी तरी किती उरली होती? दिग्दर्शक गेला होता, बायकोचं काम करणारी गेली होती. उरले तिघं.

धाकटी पहिली आली. सेटवर सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. तेव्हा एकोणीसची होती, आता चौपन्नची. केस पांढरे, चष्म्याला दोरी, बोटांवर लाल शाईचे डाग. दारातच थबकली.

"अगं बाई, मावशी! तुम्ही आहात अजून?"

"तुझ्यासाठीच थांबलेय. म्हटलं, हिला भेटल्याशिवाय जायला नको."

"मग मी यायलाच नको होतं. आणखी दहा वर्षं काढली असतीत."

दोघी हसल्या. धाकटीनं खुर्ची ओढली, फिरवली आणि पट्टीबाई आपल्या उजव्या हाताला येतील अशी ठेवून बसली. कानसेनला म्हणाली, "डावीकडून काही येत नाही मला. बोलायचं तर इकडून बोल." घरातल्या एखाद्या नळाला पाणी येत नाही, हे पाहुण्याला सांगावं तशा सुरात.

"कधीपासून?" कानसेननं विचारलं.

"झाली की बरीच वर्षं. छापखान्यात मुद्रितं तपासते मी. तिथं कान लागत नाही, डोळे लागतात."

पट्टीबाईंनी पट्टी उचलून मांडीवर घेतली. सांगायची हीच वेळ होती. पण तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला आणि त्यामागून खणखणीत आरोळी.

"कुठंय माझं बिऱ्हाड?"

मालकाचं काम करणारे नट सत्त्याहत्तर वर्षांचे झाले होते. लोक त्यांना अजून मालकच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. केस काळे केलेले, काठीची मूठ चांदीची, मागे फाईल घेतलेले साहेब. मालक दारात उभे राहिले, धाकटीकडे बघून त्यांनी भुवया चढवल्या आणि पूर्वीच्याच पट्टीत ओरडले, "काळतोंडे!" मग हशासाठी थांबले.

साहेब हसले. कानसेनकडे लक्ष जाताच खोकले.

"नमस्कार, मालक," धाकटी म्हणाली.

"काय पट्टीबाई, अजून फटके देता का?"

"देणारे तुम्ही. मी नुसती आवाजाची धनीण."

"जिभेला अजून गंज नाही हो बाईंच्या!" मालक खूश होऊन बसले. काठी त्यांनी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली.

साहेबांनी फाईल उघडली. "प्रश्न एवढाच आहे की तो शब्द आता चालत नाही. आम्ही तो सगळीकडे गाळायचं म्हणतोय. तुमचं मत..."

"काय घोडं मारलंय त्या शब्दानं?" मालक म्हणाले. "पोरंटोरं रस्त्यात म्हणायची. लाडानं म्हणायची. अहो, त्या शब्दावर मी पस्तीस वर्षं जगलोय. लग्नांत, समारंभांत लोक माइक पुढं करायचे, 'मालक, एकदा म्हणा ना.' आता तुम्ही तो गाळणार, म्हणजे मलाच गाळा की."

"मला म्हणायची पोरं," कानसेन म्हणाली. ती यंत्राकडे बघूनच बोलत होती. "शाळेत. लाडानं नाही. तुमची मालिका लागायची तेव्हा मी पाळण्यात होते, सर. एकही भाग पाहिला नव्हता. तरी चौथीपर्यंत माझं नाव तेच होतं."

"मग? झालीस ना मोठी? मेली तर नाहीस."

साहेबांनी फाईलमधला कागद उगाच उलटा करून सुलटा केला.

"नमुना बघून घेऊ," ते म्हणाले. "एकोणिसावा भाग तयार आहे ना?"

कानसेननं कळ दाबली. पडद्यावर ते स्वयंपाकघर आलं. रंग विटलेले, पण बरण्या ओळीत होत्या. पट्टीबाईंना त्या बरण्यांच्या मधलं भोक दिसलं. दुसऱ्या कुणाला ते कधीच दिसलं नसतं. मुलीच्या हातून किटली पडली. मालक पुढं आले, त्यांचं तोंड मोठ्यानं उघडलं, पण आवाज आला नाही. माशासारखं उघडलं आणि मिटलं. मग हात आला. फट्! आणि त्यामागून धबधब्यासारखा हशा.

"बघा," साहेब म्हणाले. "किती स्वच्छ झालं."

"थप्पड तशीच राहिली," धाकटी म्हणाली.

"ती विनोदी आहे हो. तिच्यावर कुणाची हरकत आलेली नाही."

धाकटीनं चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे एखादा शब्द गाळायचा असला ना साहेब, तर समासात खूण करावी लागते. इथं काहीतरी होतं, ते कुणीतरी काढलं, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून. नुसतं कोरं सोडलं तर नोकरी जाते."

"शब्द काढला तर प्रसंगाचा जीवच गेला," मालक म्हणाले. "माझा हशा त्या शब्दावर होता."

"तुमचा हशा पट्टीवर होता, मालक. एकदा पट्टीशिवाय ऐकून बघा," पट्टीबाई म्हणाल्या.

कानसेननं खुर्ची वळवली. "ऐकता येईल," ती म्हणाली. "ह्याच प्रसंगाची कच्ची टेप सापडली आहे मला. सहा वेळा घेतलाय."

पट्टीबाईंचा हात पट्टीवर घट्ट झाला. कच्च्या टेपा त्या काळी पुसून पुन्हा वापरत. ही कधीच पुसली गेली असणार, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"तो कचरा कशाला?" मालक म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लावा. पाच मिनिटं आहेत."

---

चित्र नव्हतं, काळ्या पडद्यावर नुसता आवाज होता. खुर्च्या सरकल्याचा, कुणीतरी शिंकल्याचा. मग दिग्दर्शकाचा, तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा, हसरा आवाज: "पट्टीबाई, तयार?"

भिंतीआडून एक बाई म्हणाली, "पट्टी चालणार नाही. चामडं तुटलंय."

आपलाच एकोणचाळीस वर्षांचा आवाज पट्टीबाईंनी ओळखला नाही. आधी वाटलं, किती ठाम बोलतेय ही.

"आत्ताच तुटायचं होतं? बरं, बरं. पट्टीशिवाय घेऊ. मालक, आज आवाज तुम्हीच काढा."

"म्हणजे?" मुलीचा आवाज.

"म्हणजे काही नाही. तू नुसती उभी राहा."

किटली पडली. "काळतोंडे!" त्यानंतर जो आवाज आला तो थपडेसारखा नव्हता. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा होता. त्याला लागून एक छोटा श्वास.

"नाही आला आवाज. परत."

किटली. शब्द. ओलं फडकं. ह्या वेळी मागे काहीतरी सरकलं. तिनं टेबलाची कड धरली असावी.

"अहो मालक, जोर गेला कुठं तुमचा? परत."

किटली. शब्द. हाड हाडावर बसल्यासारखं काहीतरी. लोक थोडे हसले.

"बरं होतं, पण तू मान वळवतेस. हात सटकतो त्यांचा. परत."

"अगं सरळ उभी राहा ना," मालकांचा आवाज, धाप लागलेला. "माझा हात दुखायला लागला."

चौथ्या वेळी किटली पडायच्या आधीच मुलगी "आई" म्हणाली. तेवढ्यासाठी ते थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. शब्द. फडकं. "परत." पाचव्या वेळी आवाज आला. स्पष्ट, कोरडा, फळी चिरल्यासारखा. त्याच्यामागून बरण्या पडल्या, एकामागून एक, आणि शेवटची बराच वेळ गरगरत राहिली. ती थांबल्यावर मुलगी म्हणाली, "मला ऐकू येत नाहीये."

"आम्हालाही नाही आलं!" दिग्दर्शक म्हणाला, आणि अख्खा सेट हसला. "बरण्यांनी घोळ केला. बरण्या लावा रे. परत."

"जोडलं!" भिंतीआडची बाई ओरडली. आता आवाज ठाम नव्हता. "चामडं जोडलं मी. पट्टी चालतेय. मी वाजवते!"

किटली. शब्द. फट्!

"झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

टेप खरखरत राहिली. धाकटी उजवा कान पडद्याकडे करून बसली होती. तिची मान जराही हलली नव्हती.

मालकांनी काठी आडवी फिरवली. चहाचा कप उडाला, भिंतीवर आपटला आणि स्पंजवर चहाचा तपकिरी ओघळ उतरू लागला. "पुसून टाक ते," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"समितीसाठी प्रत करायची आहे, सर."

"पुसून टाक म्हणतो ना!" काठी दुसऱ्यांदा आली ती यंत्रावर. दोन खुंट्या तुटून उडाल्या. साहेब उठून भिंतीला टेकले. फाईल त्यांनी छातीशी धरली होती. कानसेन मात्र उठली नाही. तिनं एक हात कळीवर आडवा धरला.

"ही टेप माझ्या ताब्यात आहे," ती म्हणाली. "पुसणार नाही मी."

"तुझ्या ताब्यात? तुझ्या? काळतोंडे!"

काठी खाली पडली, कारण हात मोकळा हवा होता. तो खांद्यापासून वर गेला, आणि खाली यायला लागला. म्हातारपणाचा कंप त्यात कुठेच नव्हता.

फट्!

पट्टीबाई कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. मनगटानं परस्पर झटका दिला होता.

मालकांचा हात कानसेनच्या गालाशेजारी, हवेत, थांबला होता. कानसेननं डोळे मिटून घेतले होते. मालक स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू तो कुणीतरी तिथं विसरून गेलं होतं.

धाकटी खुर्चीतून उठली. तिनं आपला हात आडवा करून, लाल शाईची चार बोटं जुळवून, त्या तळव्याच्या आणि त्या गालाच्या मध्ये सरकवली. बरोबर बसली. इकडे फट नाही, तिकडे फट नाही.

"थांबता येतं की," ती म्हणाली.

मालकांनी हात खाली घेतला. काही बोलायला तोंड उघडलं, पडद्यावर उघडलं होतं तसंच, आणि मिटलं. साहेबांनी काठी उचलून दिली. दाराशी पोचल्यावर साहेबांना आपलं काम आठवलं.

"बाई, तुमचं मत... काय लिहू?"

"लिहा," धाकटी म्हणाली. "शब्द ठेवा. पट्टी काढा."

"पट्टी आणि हशा आवाजाच्या एकाच थरावर आहेत हो. एक काढलं की दुसरं जातं."

"जाऊ दे."

जिन्यात काठी वाजत गेली. आता ती सावकाश वाजत होती, प्रत्येक पायरीला एकदा.

---

कानसेन कपाचे तुकडे वेचायला लागली. मध्येच म्हणाली, "शब्द ठेवा म्हणालात तुम्ही."

"हो."

"मी एकशे बारा वेळा काढलाय तो. हातानं. प्रत्येक वेळी बरं वाटलं मला."

"वाटणारच," धाकटी म्हणाली. "मला कुठं आवडतो तो? पण तो संहितेत होता. लिहिणाऱ्यानं लिहिला, वाचून मी हो म्हटलं. हात संहितेत नव्हता. आता शब्द तेवढा काढून टाकलात तर लोक म्हणतील, झालं, साफ झालं. तुला सहन होत नसेल तर काढ. पण खूण ठेव. कोरं सोडू नकोस."

कानसेननं तुकडे कागदात बांधले आणि ते टाकायला ती बाहेर गेली. टेपा ठेवायच्या कपाटाची किल्ली तिनं जाताना सोबत नेली.

खोलीत दोघीच उरल्या. पट्टी टेबलावर पडली होती. धाकटीनं ती उचलली, सवयीनं डोळ्यांजवळ नेली.

"अय्या, हे माझंच की," ती म्हणाली. वरचं तपकिरी चामडं तिनंच दिलेलं होतं. त्या दिवसानंतर दुसऱ्या सकाळी, कानात कापूस घालून, ती पट्टीबाईंना शोधत आली होती. शाळेच्या जुन्या दप्तराचा पट्टा कापून तिनं एक तुकडा आणला होता. "चांगलं जाड आहे, मावशी. परत तुटायला नको," म्हणाली होती. पट्टीबाईंनी तिच्यासमोरच तो जुन्या चामड्यावर खिळ्यांनी ठोकला होता. तेव्हा तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

आजच्या फटक्यानं एक खिळा निसटला होता. तपकिरी चामड्याचं टोक वर आलं होतं. धाकटीचा अंगठा त्या कडेवरून फिरला. तिचं रोजचं कामच ते होतं, ओळीवरून बोट फिरवायचं आणि कुठे अडतं ते बघायचं. अंगठा अडला. तिनं टोक आणखी वर उचललं.

खाली जुनं काळं चामडं होतं. मऊ पडलेलं, घासलेलं, पण सबंध. शिवण नाही, गाठ नाही, चीरही नाही.



पट्टीबाई तिच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. पट्टी वाजवायला उठल्या तेव्हा तिकडे आल्या होत्या, आणि तिथून हलल्या नव्हत्या. तिथूनच त्या बोलल्या. हळू, भराभर, एका दमात.

"मला वाटलं, पट्टी नाही म्हटल्यावर थप्पडच घेणार नाहीत. पट्टी नाही तर थप्पड नाही, एवढंच आलं माझ्या डोक्यात. एक दिवस तरी तुझा गाल सुटेल. तो दिग्दर्शक असं म्हणेल हे ध्यानीमनी नव्हतं गं. पहिल्या वेळेलाच सांगायला हवं होतं, की आहे, पट्टी धड आहे. पण खोटं बोलले होते ना, सगळ्यांदेखत. वाटलं, आता 'चालेल' म्हणेल. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. मी भोकातून बघत होते. पाचही वेळा बघितलं."

धाकटी चामड्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. ओठ किंचित हलत होते, मुद्रित वाचताना हलतात तसे.

मग तिनं पट्टी टेबलावर ठेवली, खुर्ची फरशीवर करकरवत सबंध वळवली, तिच्यात बसली आणि उजवा कान पट्टीबाईंकडे केला.

"आता ह्या बाजूनं सांगा," ती म्हणाली.

पट्टीबाईंनी पिशवी खाली ठेवली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ह्या वेळी बराच वेळ लागला. कानसेन दारापर्यंत आली आणि काचेतून बघून परत गेली.

---

मालिका त्याच वर्षी दाखवली गेली. शब्द एकशे अकरा ठिकाणी गाळलेला होता. एकोणिसावा भाग तांत्रिक कारणामुळे उपलब्ध नाही, असं कळवण्यात आलं. तो का नाही, म्हणून प्रेक्षकांची पुष्कळ पत्रं आली.

मालक पुढच्या वर्षी वारले. शोकसभेत त्यांच्या कामाचे तुकडे दाखवले, शब्द काढून आणि थपडा ठेवून. लोक डोळे पुसता पुसता हसले. साहेबांना बढती मिळाली.

कानसेननं वाहिनी सोडली. आता ती ध्वनिसंकलन शिकवते. पहिल्याच तासाला मुलांना एकोणिसावा भाग दाखवते. शब्द तिनं तसाच ठेवला आहे, पट्टी काढली आहे, आणि पट्टीबरोबर हशाही गेला आहे. भाग संपला की ती दिवे लावते आणि हजेरी घेते. आजवर एकदाही कुणी हसलेलं नाही.

पट्टीबाई दोन हजार बावीसमध्ये गेल्या. गुडघे गेल्यापासून, म्हणजे शेवटचे चौदा महिने, त्या धाकटीकडेच राहायच्या. दोघी सकाळी गॅलरीत बसायच्या. मावशी उजवीकडे, धाकटी डावीकडे, मध्ये मुद्रितांचा गठ्ठा. भांडण झालं की धाकटी खुर्ची फिरवून डावा कान मावशींकडे करायची, आणि मग मावशी तासभर त्या कानाला काय वाटेल ते सुनवायच्या.

पट्टी धाकटीच्या घरी खिळ्याला टांगलेली आहे. तपकिरी चामडं तिनं काढून टाकलं. जुन्या काळ्या चामड्यावर पट्टी अजून उघडते, मिटते.